मुरवलेले टोमॅटो आणि बायकोची पाठ

काही माणसं खोटं बोलायलाच जन्माला येतात. त्यांना ते शोभतं, आणि मुख्य म्हणजे पचतं. टोमॅटोकाका त्यातले नव्हते. गेल्या सतरा वर्षांत ऑफिसात ते एकच खोटं बोलले, तेही काय, तर टोमॅटोबद्दल. पण त्या एका खोट्याची त्यांनी इतकी उस्तवार केली, त्याला इतकं खाऊपिऊ घातलं, की निवृत्तीची वेळ आली तोवर ते खुद्द काकांपेक्षा धट्टंकट्टं झालं होतं.

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. काका तिथे नकाशे काढायचे. कुठल्या रस्त्याखालून किती इंची पाइप गेलाय, कुठे वळलाय, व्हॉल्व्ह कुणाच्या फाटकासमोर आहे, हे सगळं बारीक पेनाने काढून त्यावर मुंगीच्या पावलांनी चालणारी सुबक अक्षरं लिहायचे. पुढे संगणक आले. काकांचं ते मोठं, फळीसारखं टेबल खिडकीशी तसंच राहिलं आणि टेबलाबरोबर काकाही राहिले. पण त्यांना ऑफिसात जो मान होता तो अक्षरांचा नव्हता. उन्हाळा लागला की दर शुक्रवारी ते काचेची मोठी बरणी घेऊन यायचे. बरणीत साल काढलेले टोमॅटो, व्हिनेगर, तेल, लसूण, मिरी, पातळ कापलेला कांदा आणि पुदिना. रात्रभर थंडाव्यात मुरलेले. उन्हाने डोकं उठलंय, डबा उघडायची इच्छा नाही, अशा दुपारी त्यातली एक फोड तोंडात टाकली की माणूस पुन्हा माणसात यायचा. म्हणून टोमॅटोकाका. पगारपत्रकावरचं नाव शिपायालासुद्धा आठवत नसे.

आता हे टोमॅटो काका करत नव्हते, काकू करत होत्या. हे सांगायला नकोच.

काकू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसपासून दोन बस बदलून. त्यांची स्वतःची लेक शिकायला परगावी गेली, तिथलं जेवण कसं घशाखाली उतरत नाही याची पत्रं यायला लागली. काकूंनी दोन-चार पत्रं वाचून डोळे पुसले आणि पाचव्या पत्राला त्या उठून सरळ घराजवळच्या वसतिगृहात गेल्या. म्हणाल्या, इथेही कुणाच्या तरी लेकी असतील. तिथे त्या रुजू झाल्या आणि बघता बघता स्वयंपाकघर त्यांच्या हातात आलं. दोनशे दहा मुली. वीस-वीस लिटरची पातेली. उन्हाळ्यात मुली ताटावर नुसत्या बसून राहतात हे बघून त्यांनीच हे टोमॅटो काढले होते. शुक्रवारी तिथे टोमॅटो असत, आणि गुरुवारी संध्याकाळी त्यातले थोडे घरी.

पहिल्यांदा बरणी ऑफिसात नेली तेव्हा काकांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण माणसाचं नशीब बघा. त्याच सकाळी टंकलेखनाच्या खोलीत कुणाची तरी टिंगल चालली होती. अमक्याची बायको म्हणे लोकांकडे स्वयंपाकाला जाते, आणि हा इथे इस्त्रीचा शर्ट घालून मिरवतो. सगळे हसले होते. काकाही हसले होते, हे लिहून ठेवायला हवं. दुपारी बरणी उघडली, मोठ्या साहेबांनी दोन फोडी खाल्ल्या, बोटं पुसत विचारलं, "कुणी केलं हे?"

"मीच," काका म्हणाले.

बायकोने केलं असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, वहिनी काय करतात. तो टाळायला हा एक शब्द. सुटल्यासारखं वाटलं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे आवकबाई म्हणत, सहज विचारलं, "तुम्ही कसे काय हो स्वयंपाक करता?" आणि काका म्हणाले, "हिची पाठ. वाकता येत नाही."

झालं. दोनशे दहा मुलींची पातेली उचलणारी बाई त्या दिवसापासून अंथरुणाला खिळली.

आवकबाई मनाने फार चांगल्या. हाच तर त्रास होता. त्या दर महिन्याला पाठीची चौकशी करायच्या. एकदा त्यांनी गावाहून आणलेलं मालिशचं तेल दिलं, ते काकांनी "दुकानात फुकट वाटत होते" म्हणून घरी दिलं, आणि काकूंनी ते दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांना लावलं. आवकबाईंनी विचारलं, लागू पडलं का? काका म्हणाले, खूप. दर वर्षी बाटली यायला लागली. ऑफिसच्या सहलीला काका जात नसत, कारण हिला एकटं कसं टाकायचं. कुणाला घरी बोलवत नसत, कारण हिला त्रास होतो. ऑफिसातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा जरा टोमॅटोकाकांकडे. असे नवरे त्या शहरात पंधरावीस तरी असतील, ज्यांनी काकांना कधी न बघता मनापासून शिव्या घातल्या.

आणि एक गोष्ट यात फार वाईट होती. ऑफिसात लोक कृती विचारायचे. व्हिनेगर किती, साल कशी काढता. काकांना काय माहीत? ते घरी येऊन काकूंना विचारायचे. काकू हात पुसून समोर बसायच्या आणि खुलून सांगायच्या. टोमॅटोच्या बुडाशी फुली मारायची, नुसती सालीपुरती. उकळत्या पाण्यात सोडून वीस आकडे मोजायचे, की लगेच बर्फाच्या पाण्यात. साल आपसूक निघते. चार फोडी करून मीठ लावून चाळणीत ठेवायच्या. खाली जे पाणी निथळतं ते टाकायचं नाही, त्यातच व्हिनेगर आणि तेल घालायचं, खरी चव त्या पाण्यात असते. "अर्धे लोक ते पाणी ओतून देतात," काकू म्हणायच्या, आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता यायची तिच्याकडे बघायचं काका टाळायचे.

तर काका निवृत्त व्हायला आले. त्या ऑफिसात एक रीत होती. जाणाऱ्याने शेवटच्या दिवशी मागे राहणाऱ्यांना एक काहीतरी शिकवून जायचं, आणि त्या वेळी नवरा किंवा बायको शेजारी बसलेली हवी. स्टोअरकीपर सुरीला धार लावायला शिकवून गेला होता. आधीचे मोठे साहेब, कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, शर्टाला बटण लावायला शिकवून गेले. काकांनी आधीच जाहीर करून टाकलं की मी नकाशावरची अक्षरं शिकवीन. पेनंही आणून ठेवली. त्यावर कुणी नाही म्हणालं नाही, फक्त सगळे प्रेमाने हसले, आणि आवकबाई म्हणाल्या, "काका, अक्षरं काय संगणक काढतो. टोमॅटो कोण काढणार?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बरेच हातपाय मारले. ऑफिसात शेगडी नाही म्हणाले, शिपायाने विजेची शेगडी आणली. हिला दोन जिने चढवणार नाहीत म्हणाले, मोठे साहेब म्हणाले, खुर्चीत बसवून वर आणू. शेवटी काकांनी ठरवलं की घरी सांगायचंच नाही, आणि ऑफिसात सांगायचं, आज हिची पाठ फारच धरली. पण आवकबाईंनी त्यांच्या आधीच घरी फोन केला होता. संध्याकाळी काका घरी पोचले तर काकू ठेवणीतले कपडे पलंगावर पसरून बसल्या होत्या.

"तुमच्या त्या बाई किती गोड बोलतात हो," काकू म्हणाल्या. "सारखं विचारत होत्या, यायला जमेल ना, जमेल ना. मी म्हटलं, न जमायला काय झालं? मी रजा टाकली. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नेलं नाहीत तुम्ही मला."

"तिथे काय बघायचंय," काका म्हणाले.

"आणि टोमॅटो शिकवणार म्हणे तुम्ही," काकू हसत होत्या. "तुम्ही? अहो, तुम्हाला पाणी उकळलेलं तरी कळतं का?"

हीच वेळ होती. काकांना ते पुढे कितीदा तरी आठवलं, की तेव्हा ती हसत होती, तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित हसण्यावारी गेलं असतं. पण ते म्हणाले, "सगळ्यांना आवडतात ना, म्हणून मीच म्हटलं शिकवतो. तू मला नीट दाखव." खोटं नव्हतं म्हणा. खरंही नव्हतं.

रविवारी काकूंनी त्यांना शिकवलं. दोन किलो टोमॅटो आणले. टणक पण लाल, देठाशी वास येणारे. काकांचा हात नकाशांवर कसलेला, फुल्या त्यांनी अशा सारख्या मारल्या की काकू बघत राहिल्या. "माझ्या हाताखाली असतात तर केव्हाच पुढे आणलं असतं तुम्हाला," असं म्हणाल्या. काकांना दोनदा वाटलं, आता सांगू. एकदा पाणी उकळत होतं तेव्हा, आणि एकदा साल सोलताना. दोन्ही वेळा त्यांनी घसा साफ केला आणि मिठाचं प्रमाण विचारलं.

शेवटचा दिवस उजाडला. दहा वाजता दोघं ऑफिसच्या दारात. काकूंच्या हातात टोमॅटोची पिशवी, पाच किलोंची. काकांनी ती घाईघाईने काढून घेतली.

"अहो, राहू द्या की," काकू म्हणाल्या.

"नको, मी घेतो."

दुसऱ्या मजल्यावर नकाशांची खोली. काकू दोन जिने सरळ चढून वर आल्या, धाप लागली ती काकांना. वर आवकबाई हातात उशी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी काकूंचा दंड धरला, हलकेच, काच धरावी तसा, आणि खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत नेलं. खुर्चीच्या पाठीला उशी लावली. पायाखाली फायलींचा एक गठ्ठा सरकवला. पंखा त्यांच्याकडे वळवला.

"सावकाश बसा वहिनी. जिन्याने काही त्रास नाही ना झाला?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. त्या थोड्या गोंधळल्या होत्या, पण इतका मानपान कधी झाला नव्हता त्यांचा, त्यामुळे सुखावल्याही होत्या. उशी मात्र त्यांना टोचत असावी, त्या पुढे सरकून बसल्या.

"टेका ना. पाठीला आराम हवा. तेल लागू पडलं ना पण? मी दर वर्षी न चुकता पाठवते."

काकूंनी आवकबाईंकडे बघितलं, मग टेबलापाशी टोमॅटो मांडणाऱ्या नवऱ्याकडे. काका टोमॅटो आकाराप्रमाणे लावत होते. इतक्या मन लावून त्यांनी नकाशेही काढले नसतील.

"ते तेल," काकू म्हणाल्या. "हो. लागू पडलं."

"सतरा वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे का," आवकबाई म्हणाल्या आणि शेजारच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. "आम्ही तर नेहमी म्हणतो, नशीब लागतं असा नवरा मिळायला. सकाळी उठून घरचं सगळं करायचं, तुमचं करायचं, वर आमच्यासाठी टोमॅटो. कधी कपाळाला आठी नाही."

काकांची मान खाली होती. ते वाट बघत होते. आता ती म्हणेल, कोण अंथरुणावर? आता हसेल, नाहीतर उठून उभी राहील. ती उठून उभी राहिली असती तर एका दृष्टीने बरं झालं असतं, फटका बसला की मोकळा होतो माणूस.

"हो," काकूंचा आवाज आला. "यांनी फार केलं माझं."

आणि त्यांनी पाठ उशीला टेकली.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काकांनी आजवर फक्त ऐकलं होतं. आता ते सुरी हातात घेऊन, सव्वीस माणसांसमोर, टोमॅटोच्या ढिगामागे उभे असताना त्यांना झालं, आणि तरी हात हलवावाच लागला, कारण मोठे साहेब म्हणाले, "चला, काका, सुरू करा."

त्यांनी सुरू केलं. फुली मारली ती खोल गेली. दुसरी त्याहून खोल. विजेच्या शेगडीवर पाणी खदखदत होतं, त्यात त्यांनी टोमॅटो सोडले आणि आकडे मोजायचे विसरले. कुणीतरी विचारलं, किती वेळ ठेवायचे? काका म्हणाले, "दोन मिनिटं." एक तरुण मुलगी वहीत लिहून घेत होती, तिने लिहिलं, दोन मिनिटं. पातेल्यात टोमॅटोंच्या साली फाटून वर यायला लागल्या.

काकू खुर्चीवरून बघत होत्या. मांडीवर त्यांनी एका हाताने दुसरा हात दाबून धरला होता. सतरा वर्षं दोनशे दहा पानं वेळेवर वाढणाऱ्या बाईला पातेल्यात टोमॅटोंचा लगदा होताना बघायचं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला कळत होतं आणि त्यानेच तो लगदा चालवला होता.

"पुरे," त्या शेवटी म्हणाल्या. "काढा आता. वीस आकडेच मोजायचे असतात."

सगळे वळले. "वहिनींनाही येतं की," मोठे साहेब म्हणाले.

"बघून बघून," काकू म्हणाल्या. "यांचंच बघून."

काकांनी टोमॅटो झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात सोडले. निम्मे फुटले होते. त्यांनी साली काढल्या, बऱ्या होत्या त्यांच्या फोडी केल्या, मीठ लावून चाळणीत ठेवल्या. अर्ध्या तासाने चाळणी उचलली, आणि खालच्या भांड्यातलं निथळलेलं पाणी सवयीने, घरी बशी विसळावी तसं, बेसिनमध्ये ओतून दिलं. ओतल्यावर त्यांना आठवलं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं नाही.

व्हिनेगर, तेल, लसूण, मिरी, कांदा, पुदिना. लोक वास घेत होते, वा म्हणत होते. सगळं मोठ्या काचेच्या भांड्यात भरून झालं. खाली बर्फाचं घमेलं, त्यात भांडं बसवलेलं. हे सगळं आता पलीकडच्या खोलीतल्या फ्रिजपर्यंत न्यायचं होतं. शिपाई बशा आणायला गेला होता. काका टेबल पुसत होते.

घमेलं पाण्याने काठोकाठ होतं, टेबलाच्या कडेला आलं होतं. काकू उठल्या. त्यात विचार नव्हता, रोजचं होतं ते. पावलं जरा फाकवून त्या उभ्या राहिल्या, गुडघ्यात वाकल्या, घमेल्याच्या दोन्ही कड्या धरल्या, आणि अख्खं घमेलं, बर्फ, पाणी, भांडं, टोमॅटो, सगळं वीतभर वर उचललं. एक थेंब सांडला नाही.

"अहो वहिनी, हे काय करताय," आवकबाई धावल्या. "सोडा, सोडा."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. हातात घमेलं होतं, मनगटं जराही थरथरत नव्हती. काका ओल्या फडक्यासकट तसेच उभे होते. काकूंनी घमेलं हळूच खाली ठेवलं. डावा हात कंबरेवर नेला.

"खरंच," त्या म्हणाल्या. "जड आहे. नाही उचलवत मला."

दोघींनी त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. कुणीतरी पाणी आणलं.

दुपारी दोन वाजता सगळे जेवायला बसले. टोमॅटो वाढले. नेहमीसारखे नव्हते, सगळ्यांना कळलं, पण शेवटचा दिवस म्हणून कुणी बोललं नाही. उलट दोन-दोनदा घेतले. मग मोठे साहेब म्हणाले, काका, दोन शब्द.

काका उभे राहिले. समोर सव्वीस माणसं आणि खिडकीशी खुर्चीत, पायाखाली फायली घेऊन, बायको. त्यांना वाक्य ठाऊक होतं. सकाळपासून ते त्याच्याशीच झगडत होते. हे टोमॅटो हिचे आहेत, ही स्वयंपाकीण आहे, हिच्या पाठीला काही झालेलं नाही. तीन तुकडे, पैकी एकही अवघड नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती खाली बघून काट्याने बशीतली फोड उलटीपालटी करत होती. ती आपण बोलायची वाट बघतेय की नको म्हणतेय, काकांना कळलं नाही, आणि कळलं नाही याचा त्यांनी लगेच आधार घेतला. माणूस असा असतो.

"मी जे काही आहे," काका म्हणाले, "ते हिच्यामुळे."

टाळ्या झाल्या. आवकबाईंनी डोळे टिपले. "बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या, "इतकं करूनही मोठेपणा तिलाच देतात." काका अजून उभेच होते. "टोमॅटो गार आहेत तोवर खाऊन घ्या," एवढं म्हणून ते बसले.

निघताना आवकबाई काकूंना सोडायला खाली आल्या. दोन जिने. एकेक पायरी. "डावा पाय आधी, वहिनी. आता उजवा." काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, कठडा धरून, एकेक पायरी उतरल्या. मध्ये एकदा थांबल्यासुद्धा. मागून काका रिकामी पिशवी, भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि न वापरलेल्या पेनांचा डबा घेऊन येत होते. त्यांना वाटत होतं, हा जिना संपू नये, आणि असंही वाटत होतं, की लवकर संपावा.

बस लगेच मिळाली. बसायला जागाही मिळाली. दोन थांबे गेल्यावर काकूंनी खिडकीची काच सरकवली, ती अडकली होती, एका हिसक्यात सरकली.

"पाठच का?" त्यांनी विचारलं.

"सुचलं ते बोललो."

"आणि स्वयंपाकीण आहे म्हणायला काय झालं होतं?"

काकांनी घड्याळाचा खोका मांडीवर नीट केला. सतरा वर्षांनी का होईना, पण या वेळी ते खोटं बोलले नाहीत. "लाज वाटली," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली, कुणी वेळ सांगितल्यावर हलवतो तशी. रडल्या नाहीत. काकांना वाटलं होतं की त्या रडतील, आणि मग आपल्याला काहीतरी करता येईल.

"तुम्ही घरी येऊन विचारायचात," काकू म्हणाल्या. "व्हिनेगर किती, मीठ कधी. मला वाटायचं, बाकी काही बोलत नाहीत, पण यांना माझं काम आवडतं. मी मुलींना सांगायचे. म्हणायचे, आमचे हे एवढे मोठे नकाशे काढणारे, पण घरी आले की माझ्याकडून कृती समजून घेतात."

काका बाहेर बघत होते. बाहेर काय होतं ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

"मी उद्या जाऊन सांगतो," ते म्हणाले. "सकाळी जातो आणि सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"उद्या कुठे जाणार? उद्या तुमचं ऑफिस कुठे आहे?"

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या थांब्यावर दोघं उतरले, दुसरी बस यायची होती. बाकावर सावली होती तिथे काकू बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. दिवसभर बसून त्यांचे पाय आखडले होते.

"मीही तिकडे सांगून ठेवलंय," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "परवा यांना घेऊन येते म्हणून. आता मोकळे झालेत, एकदा आपलं स्वयंपाकघर बघून जाऊ देत. मुलींनी स्वागताच्या पाट्या रंगवल्यात तुमच्यासाठी. अक्षर चांगलं असणाऱ्या माणसाला दाखवायचंय म्हणून दोनदा पुसून काढल्यात."

"मी येईन," काका म्हणाले. "नक्की येईन मी."

"नको," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मला नाही नेववणार तुम्हाला तिथे. ती माझी जागा आहे."

बस वळणावर दिसली. काकूंनी नवऱ्याच्या हातातली रिकामी पिशवी घेतली, घडी घातली, मग घड्याळाचा खोकाही काढून घेतला आणि सहज काखेत मारला.

"फक्त एवढं सांगा," त्या म्हणाल्या. "मुली विचारतील, का नाही आले म्हणून. तुम्हाला काय झालंय म्हणून सांगू?"